शौचाच्या वेळी रक्त पडले तर: मूळव्याध ओळखण्याचा, घरी काळजी घेण्याचा आणि डॉक्टरांकडे जाण्याचा योग्य क्रम

शौचाच्या वेळी रक्त दिसले की बहुतेक घरांत ‘मूळव्याध झाली’ असा निष्कर्ष लगेच निघतो आणि तिथूनच पुढचा सगळा क्रम उलटा लागतो. आधी औषधाच्या दुकानातून नुसते मागून आणलेले मलम, मग कुणीतरी सुचवलेले चूर्ण, त्यानंतर ‘बिनाऑपरेशन खात्रीशीर इलाज’ अशी पाटी लावलेला दवाखाना, आणि एवढे सगळे करूनही रक्त थांबले नाही तरच सर्जनकडे जाणे, असा तो क्रम असतो. यात तपासणी सर्वांत शेवटी येते. मूळव्याध, गुदद्वाराची चीर म्हणजे फिशर, भगंदर, आतड्यातील पॉलिप म्हणजे अस्तरावर वाढलेली लहान गाठ आणि गुदाशयाचा कर्करोग या सगळ्यांतच रक्त पडू शकते आणि केवळ रक्त पाहून यांतला आजार कोणता हे घरी ठरवता येत नाही, म्हणून तपासणी लवकरात लवकर व्हायला हवी. पुढचे टप्पे त्याच हेतूने लावले आहेत. घरगुती काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी, परंतु तिच्या भरवशावर तपासणी लांबवू नये.

सुरुवातीला एवढे समजून घ्या

गुदद्वाराच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मऊ उशा प्रत्येक माणसात असतात आणि नळातल्या वॉशरप्रमाणे त्या मार्ग घट्ट बंद ठेवायला मदत करतात. कुंथण्यामुळे, जुनाट बद्धकोष्ठामुळे, वारंवारच्या जुलाबांमुळे, गरोदरपणात किंवा वाढत्या वयात त्यांचा आधार सैल पडतो, त्या फुगतात आणि खाली घसरतात. हीच मूळव्याध, आणि अशा फुगलेल्या उशीला कोंब म्हणतात. आतल्या भागातील अस्तराला वेदनेची जाणीव जवळजवळ नसते, त्यामुळे आतल्या मूळव्याधीतून दुखल्याशिवाय रक्त पडते. बाहेरच्या भागावर मात्र त्वचा असल्यामुळे तिथला कोंब दुखतो. ‘अंगातली उष्णता वाढली’ हे आपल्याकडे सर्रास दिले जाणारे कारण या प्रक्रियेत कुठेही बसत नाही. तिखट खाल्ल्याने शौचाच्या वेळी आग होऊ शकते, परंतु मूळव्याध तिखटाने होत नाही.

टप्पा १: रक्त कसे पडते ते नीट पाहून लिहून ठेवा

डॉक्टर विचारतील त्या प्रश्नांची उत्तरे बहुतेक रुग्णांकडे नसतात, कारण रक्त दिसताच माणूस घाबरून पाणी ओततो. पहिल्याच दिवशी वहीत किंवा मोबाइलमध्ये पुढील गोष्टींची नोंद सुरू करावी.

रक्ताचा रंग लालभडक आहे, गडद आहे की मळच काळा आणि चिकट झाला आहे, हे पाहावे. रक्त शौच झाल्यावर थेंबथेंब किंवा धारेने पडते, मळाच्या पृष्ठभागावर रेघेसारखे दिसते, धुताना हाताला लागते की मळात मिसळलेले असते, हेही पाहावे. कमोडच्या पाण्यात थोडेसे रक्त पसरले तरी सगळे पाणी लाल होऊन ते फार वाटते, तर भारतीय पद्धतीच्या शौचकूपात तेवढेच रक्त काही थेंब म्हणून दिसते. त्यामुळे प्रमाण लिहिताना शौचालय कोणत्या प्रकारचे होते तेही लिहावे. वेदना आहे का, असल्यास ती शौचाच्या वेळी सुरू होते की दिवसभर ठणका असतो, शौचानंतर किती वेळ टिकते, काही बाहेर येते का, आणि आले तर आपोआप आत जाते की हाताने ढकलावे लागते, या नोंदी आजाराची अवस्था ठरवायला थेट उपयोगी पडतात.

तपासून पाहा: आदल्या दिवशी बीट खाल्ले असेल तर मळ लालसर दिसू शकतो, आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तो काळपट होतो. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील तर त्यांची नावे नोंदीत सर्वांत वर लिहावीत. ही औषधे रक्त दिसले म्हणून स्वतःहून बंद करू नयेत. हृदयात स्टेंट बसवलेल्या रुग्णाने ती परस्पर बंद केल्यास जिवावर बेतू शकते.

टप्पा २: थांबण्यासारखे आहे की नाही, हे आधी ठरवा

काही लक्षणांत घरगुती उपायांना जागाच नाही. रक्त थांबत नसेल किंवा त्याच्या गाठी पडत असतील, चक्कर येत असेल, छातीत धडधड होऊन अंगाला थंड घाम सुटत असेल, मळ डांबरासारखा काळा आणि अतिशय दुर्गंधीयुक्त होत असेल, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात आणि गोव्यातही १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. गुदद्वाराजवळ सूज येऊन सतत ठणका लागला असेल आणि ताप असेल तर ते बहुधा गळू असते. त्यातला पू चिरा देऊन काढावा लागतो, केवळ अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी ते बरे होत नाही. मधुमेह असलेल्या रुग्णाने तर यात एक रात्रही घालवू नये. बाहेर आलेला कोंब आत जात नसेल, काळानिळा पडला असेल आणि असह्य दुखत असेल, तर तोही त्याच दिवशी दाखवायचा आजार आहे.

दुसऱ्या गटातील लक्षणे इतकी भयानक वाटत नाहीत, म्हणूनच ती अधिक घातक ठरतात. शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहणे, म्हणजे कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब होणे, शौच होऊनही पोट साफ न झाल्याची भावना सतत राहणे, मळात रक्तासोबत शेंब पडणे, कारण नसताना वजन घटणे, हिमोग्लोबिन कमी होणे, किंवा आई-वडील अथवा भावंडांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला असणे, यांपैकी एक जरी गोष्ट असेल तर येत्या काही दिवसांतच तपासणीची वेळ घ्यावी. वयाच्या ४५ वर्षांनंतर पहिल्यांदा रक्त पडले असेल तरी हेच लागू आहे. गुदाशयाचा कर्करोग तरुण वयातही आढळतो, त्यामुळे कमी वय म्हणजे सुरक्षितता असे मानू नये.

सावधान: ‘मला दहा वर्षांपासून मूळव्याध आहे’ हे वाक्य नव्या लक्षणाचे उत्तर होऊ शकत नाही. जुनी मूळव्याध असलेल्या माणसाला दुसरा आजार होऊ शकतो, आणि सवयीमुळे तोच सर्वांत उशिरा डॉक्टरांकडे पोहोचतो. स्त्रियांच्या बाबतीत कमी हिमोग्लोबिनचा दोष मासिक पाळीवर ढकलला जातो आणि शौचातील रक्ताचा विषय निघतच नाही. तो स्वतःहून काढावा.

लहान मुलांमध्ये मूळव्याध क्वचित असते. मुलाला रक्त पडत असेल तर बहुधा खड्यासारख्या मळामुळे झालेली चीर किंवा पॉलिप असतो, म्हणून घरातल्या मोठ्यांचे मलम मुलाला लावण्याऐवजी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

टप्पा ३: लक्षणांवरून अंदाज बांधा, निदान मात्र डॉक्टरांवर सोडा

शौच होताना काचेने कापल्यासारखी वेदना होऊन ती नंतर तासन्‌तास टिकत असेल आणि रक्त थोडेसेच असेल, तर फिशरची शक्यता जास्त असते. जुन्या फिशरच्या टोकाला त्वचेचा लहानसा लोंबता तुकडा तयार होतो. रुग्ण त्यालाच कोंब समजतात आणि महिनोन्‌महिने मूळव्याधीचे औषध घेत राहतात, हा मला यातला सर्वांत जास्त त्रास वाढवणारा गैरसमज वाटतो, कारण फिशरचे उपचार वेगळे आहेत आणि वेळेवर मिळाल्यास आराम लवकर पडतो.

गुदद्वाराच्या बाजूला लहान छिद्र असून त्यातून पू किंवा रक्तमिश्रित पाणी येत असेल, मध्येच बंद होऊन पुन्हा वाहत असेल, तर ते भगंदर असू शकते. रात्रीतून अचानक वाटाण्याएवढी किंवा त्याहून मोठी, निळसर, टणक आणि अतिशय दुखरी गाठ बाहेरच्या बाजूला आली असेल, तर बाहेरच्या कोंबात रक्त साकळलेले असते. या गाठीची वेदना पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असते. त्याच ७२ तासांत सर्जनला दाखवल्यास भूल देऊन ती काढण्याचा पर्याय उपयोगी ठरतो, त्यानंतर मात्र ती हळूहळू आपोआप ओसरू देणे बहुधा योग्य असते. ती घरी सुईने फोडू नये, त्यातून जंतुसंसर्ग होतो.

आतल्या मूळव्याधीच्या चार अवस्था मानतात. पहिलीत फक्त रक्त पडते. दुसरीत कुंथताना कोंब बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसरीत तो बोटाने आत ढकलावा लागतो, तर चौथीत तो ढकलूनही आत राहत नाही.

टप्पा ४: मळ मऊ करा आणि शौचालयातील वेळ कमी करा

घरी करण्याजोग्या गोष्टींत सर्वाधिक फरक याच टप्प्याने पडतो आणि सर्वाधिक चुकाही इथेच होतात. प्रौढ व्यक्तीला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम तंतू म्हणजे फायबर लागतात. ज्वारी, बाजरी किंवा नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ते ११ ग्रॅम तंतू असतात, मैद्यात जेमतेम तीनच्या आसपास. सकाळी चहाबरोबर खारी, टोस्ट किंवा बिस्किटे, दुपारी पांढरा भात आणि संध्याकाळी पाव, असा दिवस गेला तर तंतूंचा हिशेब कुठेच जुळत नाही. दोन वेळच्या जेवणात भाकरी किंवा न चाळलेल्या कणकेची पोळी, एक पालेभाजी, मटकी-चवळीसारखे एखादे कडधान्य आणि दिवसातून एक पेरू किंवा पपईची फोड एवढा बदल बहुतेकांना पुरतो. उपवासाच्या दिवशी साबुदाणा आणि बटाटा एवढेच खाल्ले जाते आणि दुसऱ्या दिवशी खडा होतो. त्याऐवजी राजगिरा, रताळे आणि फळे घ्यावीत. सुरणाची भाजी मूळव्याधीवर म्हणून अनेक घरांत होते. भाजी म्हणून ती खायला हरकत नाही, मात्र ती खाल्ली म्हणून तपासणी टळत नाही.

क्रम असा ठेवावा. आधी पाणी वाढवावे, मग आहारातील तंतू हळूहळू वाढवावेत आणि तेवढ्याने भागले नाही तर इसबगोल घ्यावा. इसबगोलाची भुशी सुरुवातीला रोज एक चहाचा चमचा, मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून ती फुगून घट्ट होण्याआधी लगेच प्यावी आणि त्यावर आणखी पेलाभर पाणी प्यावे. आठवडाभराने गरज वाटल्यास प्रमाण दोन चमचे करावे. परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात. पहिल्या रात्री काही झाले नाही म्हणून दुसऱ्या रात्री चार चमचे घेतल्यास पोट फुगते आणि गॅस धरतो. रक्त पडणे कमी होण्यासाठी तंतूंचा वापर सुमारे सहा आठवडे सातत्याने करावा लागतो, चार दिवसांत बरे वाटले म्हणून थांबवू नये.

सावधान: कोरडी भुशी तोंडात टाकून गिळू नये, ती घशात अडकू शकते. गिळायला त्रास होणाऱ्या किंवा आतड्यात अडथळा असलेल्या रुग्णाने इसबगोल घेऊ नये. इतर औषधे आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर पाणी वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. पोट साफ होण्याच्या अनेक चूर्णांत सोनामुखी ही रेचक वनस्पती असते. एखाद्या वेळी ते चालते, परंतु महिनोन्‌महिने रोज घेण्याचे ते औषध नव्हे.

आहार सुधारूनही शौचालयातील सवय तशीच राहिली तर त्रास परत येतो. वेग आल्यावरच जावे, आल्यावर तो दाबू नये आणि पाच मिनिटांच्या आत उठावे. मोबाइल आणि वर्तमानपत्र बाहेर ठेवावे, कारण कमोडवर नुसते बसून राहिल्यानेही त्या भागातील रक्तवाहिन्यांवर ताण येतो. कमोड वापरत असाल तर पायाखाली लहान पाट किंवा स्टूल घेऊन गुडघे कमरेच्या वर येतील असे बसावे. पोट पूर्ण रिकामे झाले पाहिजे या हट्टापायी पुन्हा पुन्हा कुंथणे हे कोंब खाली येण्याचे मोठे कारण आहे. बाजारात, शेतात, एसटीच्या प्रवासात किंवा शाळेत दिवस काढणाऱ्या अनेक स्त्रिया स्वच्छ शौचालय मिळत नाही म्हणून पाणीच कमी पितात आणि वेग दाबून ठेवतात. हा त्यांचा दोष नाही, परंतु निदान सकाळी घरून निघण्याआधी पुरेसा वेळ मिळेल अशी घरातील कामांची वाटणी बाकीच्यांनी करून द्यायला हवी.

टप्पा ५: वेदना आणि सूज कमी करा

टबात किंवा पसरट घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात १० ते १५ मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा आणि शक्यतो शौचानंतर बसावे. पाणी मनगटावर घेऊन पाहावे, चटका लागता कामा नये. त्यात मीठ, तुरटी, डेटॉल किंवा पोटॅशियम परमँगनेट घालण्याची गरज नाही. जंतुनाशकाने नाजूक त्वचेची आग वाढते आणि परमँगनेट जास्त पडल्यास त्वचा भाजते. नंतर मऊ कापडाने टिपून कोरडे करावे, घासू नये.

दुकानातील मलमांनी आग आणि खाज तात्पुरती कमी होते, कोंब त्यांनी जात नाही. यांतल्या अनेक मलमांत स्टेरॉइड असते आणि ते सात दिवसांहून जास्त वापरल्यास त्वचा पातळ होते, म्हणून वेष्टनावरील घटक वाचून किंवा औषधविक्रेत्याला विचारूनच मलम घ्यावे. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात सुरक्षित आहे. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, आणि कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते.

बाहेर आलेला कोंब आत घालायचा असेल तर हात स्वच्छ धुऊन, डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपावे, बोटाला व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावावे आणि हलका, सलग दाब द्यावा. जोर लावू नये. दुखले किंवा कोंब आत जात नसेल तर प्रयत्न थांबवून रुग्णालयात जावे.

गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हा त्रास पुष्कळ जणींना होतो आणि प्रसूतीनंतर तो बऱ्याचदा ओसरतो. तंतू, पाणी आणि कोमट पाण्यात बसणे एवढे सुरक्षित आहे. मलम, गोळी किंवा चूर्ण मात्र प्रसूतितज्ज्ञांना विचारूनच घ्यावे.

तपासून पाहा: घरगुती काळजी नीट घेऊन एका आठवड्यात फरक पडला नाही, तर पुढचा टप्पा लगेच गाठावा. फरक पडून रक्त थांबले असले तरी आयुष्यात पहिल्यांदाच रक्त पडले असेल तर एकदा तपासणी करून घ्यावीच.

टप्पा ६: तपासणीला जाताना

सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून करता येते, परंतु तपासणी न करता केवळ ऐकून मूळव्याधीचे औषध लिहून दिले गेले, तर ‘कृपया तपासून पाहाल का’ असे नम्रपणे विचारावे. पुढे जनरल सर्जनकडे जावे. आयुर्वेदिक उपचार हवे असतील तर शल्यतंत्रात म्हणजे आयुर्वेदातील शस्त्रक्रियेच्या शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या वैद्यांकडे जावे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असायला हवा. अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आणि वैद्यांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. भिंतींवर आणि बसस्थानकाजवळ पाट्या लावून, कोणतीही पात्रता नसताना, कोंबात अज्ञात औषधाचे इंजेक्शन देणारे किंवा दाहक लेप लावणारे लोक गावोगाव आहेत. त्यातून गुदद्वार आक्रसणे, मळावरचा ताबा जाणे आणि गंभीर जंतुसंसर्ग असे कायमचे नुकसान होते. तिथे पहिल्या भेटीलाही जाऊ नये.

तपासणीच्या दिवशी उपाशी राहण्याची गरज बहुधा नसते, शौचाला जाऊन आलेले असले की पुरे. डॉक्टर कुशीवर झोपवून आधी बाहेरून पाहतात, मग हातमोजा आणि जेली लावून बोटाने तपासतात आणि त्यानंतर प्रॉक्टोस्कोप नावाच्या लहान नळीतून आत पाहतात. यास काही मिनिटेच लागतात. अवघडल्यासारखे वाटते, परंतु सहसा दुखत नाही. फिशर असल्यास मात्र बोटाची तपासणी फार दुखते. तशी वेदना होत असेल तर आधीच सांगावे, म्हणजे डॉक्टर ती पुढे ढकलतात किंवा भूल देऊन करतात. गुदाशयाच्या खालच्या भागातील गाठ अनेकदा या बोटाच्या तपासणीतच हाताला लागते. स्त्री रुग्णाला तपासणीच्या वेळी परिचारिका किंवा घरातील बाई सोबत ठेवण्याचा हक्क आहे आणि स्त्री डॉक्टरांची मागणीही करता येते. लाजेपोटी वर्ष वाया घालवण्यापेक्षा हे आधीच मोकळेपणाने मागून घ्यावे.

टप्पा २ मधील दुसऱ्या गटातले एखादे लक्षण असेल, तर कोंब दिसले म्हणून तपासणी तिथेच संपवू नये. कोलोनोस्कोपीची म्हणजे दुर्बिणीने मोठे आतडे आतून पाहण्याची गरज आहे का, हे स्पष्ट विचारावे. मूळव्याध आणि कर्करोग एकाच माणसात असू शकतात, आणि दिसलेल्या कोंबावर सगळे रक्त ढकलून देणे ही चूक महागात पडते. कोलोनोस्कोपीसाठी आदल्या दिवशी रेचक घेऊन आतडे पूर्ण साफ करावे लागते. त्या सूचना लेखी घ्याव्यात आणि मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचे काय करायचे ते त्याच वेळी विचारावे.

टप्पा ७: उपचार ठरवताना आणि नंतर

पहिल्या दोन अवस्थांतील बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रिया लागत नाही. आहार आणि सवयी बदलूनही रक्त पडत राहिले तर बाह्यरुग्ण विभागातच कोंबाच्या मुळाशी रबर बँड बसवतात किंवा इंजेक्शन देऊन तो आकसवतात. हे इंजेक्शन प्रशिक्षित सर्जनने योग्य जागी द्यायचे असते, पाटीवाल्या दवाखान्यातील इंजेक्शनशी त्याचा संबंध नाही. तिसऱ्या अवस्थेत बँड किंवा शस्त्रक्रिया, आणि चौथ्या अवस्थेत बहुधा शस्त्रक्रिया असा विचार होतो. कोंब कापून काढण्याच्या पद्धतीत सुरुवातीचे आठवडे दुखते, पण त्रास परत उद्भवण्याचे प्रमाण कमी राहते. स्टेपलर आणि लेझरमध्ये दुखणे कमी असते, पण त्रास परतण्याची शक्यता अधिक असते. ‘लेझर म्हणजे कायमचा इलाज’ ही जाहिरात ऐकून निर्णय घेऊ नये. माझी अवस्था कोणती, ही पद्धत माझ्यासाठी का, ती न केल्यास काय होईल आणि एकूण खर्च किती, हे चार प्रश्न विचारून, गरज वाटल्यास दुसऱ्या सर्जनचे मत घेऊन मग तारीख ठरवावी. दुसऱ्या अवस्थेतील रुग्णाला पहिल्याच भेटीत ‘उद्याच दाखल व्हा’ असे सांगितले गेले तर दुसरे मत जरूर घ्यावे.

बँड बसवल्यावर एक-दोन दिवस जडपणा जाणवतो, आणि साधारण पाच ते दहा दिवसांत बँड सुकलेल्या कोंबासह गळून पडतो. त्या वेळी थोडे रक्त येणे अपेक्षित असते. शस्त्रक्रियेनंतर दुखेल या भीतीने जेवण कमी करणे ही नेहमीची चूक आहे. त्याने मळ कडक होऊन दुखणे वाढते, म्हणून पातळ भाकरी-आमटी, भाज्या, पाणी आणि सांगितलेले मळ मऊ करणारे औषध पहिल्या दिवसापासून चालू ठेवावे.

सावधान: बँड, इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया यांपैकी काहीही झाल्यानंतर ताप येणे, वेदना दिवसागणिक वाढत जाणे आणि लघवी न होणे ही लक्षणे एकत्र दिसली, तर ती खोलवरच्या जंतुसंसर्गाची असू शकतात. धारेने रक्त सुरू होणे हेही तितकेच तातडीचे आहे. अशा वेळी ठरलेल्या फेरतपासणीची वाट न पाहता, रात्र असली तरी, उपचार केलेल्या रुग्णालयात किंवा जवळच्या आपत्कालीन विभागात जावे आणि काय उपचार झाला त्याची चिठ्ठी सोबत न्यावी.